पॅनेलखाली

अमथाभाई पाण्यात पडले तेव्हा त्यांची बायको कंकूबेन कालव्यावरच्या लोखंडी जाळीवर उभी राहून, पाण्यावर छपरासारखी बसवलेली सौर पॅनेलं धूत होती. घरी विसरलेला तिचा डबा द्यायला ते आले होते. डबा काठावर ठेवला, हात धुवायला वाकले आणि शेवाळलेल्या काँक्रीटवरून पाय सटकला.

कालवा तुडुंब होता. बघता बघता त्यांचं लाल पागोटं पॅनेलखाली गेलं.

पॅनेलं बसली तेव्हा हेच अमथाभाई गावभर म्हणत फिरले होते, "जित्या पाण्याला कफन घालतायत. पाण्यानं ऊन बघायला नको?" बायकोनं इथं काम धरल्यावर महिनाभर अबोला होता. आज पहिल्यांदाच ते इकडे फिरकले होते.

हातातली नळी टाकून कंकूबेन जाळीवरून धावत सुटली. खालचं काही दिसेना. कालव्याच्या गुळगुळीत उतारावर बुडणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही, हे मेहसाण्याकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. ती टोकाला पोचली. पागोटं बाहेर आलं. नुसतंच.

ती पालथी पडली, डोकं खाली घातलं.

"अहो, ऐकताय का?"

पाणी वाहत राहिलं.

"अहो! ऐकताय का?"

"ऐकतोय," आतल्या अंधारातून आवाज आला. "पॅनेलचा पाइप धरलाय. ओरडत बसू नकोस, माणसं बोलाव."

मुकादम जिग्नेशभाईनं पॅनेलांच्या दोन ओळींमधल्या फटीतून दोर सोडला. तिघांनी ओढलं, तरी म्हातारा पाइप सोडेना. "काका, सोडा आता, आम्ही धरलंय ना!" असं तीनदा सांगावं लागलं.

काठावर आणल्यावर कंकूबेननं आधी त्यांच्या पाठीत दोन धपाटे घातले, मग ओढणीनं डोकं पुसलं. "पोहता येत नाही आणि कालव्यात हात धुवायची हौस!" ती रडत होती आणि हसतही होती. डबा उघडून तिनं बाजरीच्या रोटल्याचा तुकडा त्यांच्या तोंडात कोंबला.

अमथाभाई चावत पॅनेलांकडे बघत राहिले. आता पॅनेलांना शिव्या येणार, म्हणून ती थांबली.

"तिसऱ्या ओळीच्या खाली होल्याचं घरटं आहे," ते म्हणाले. "दोन पिल्लं आहेत. तिथं नळीचा जोर जरा कमी ठेव."