फळ्यांच्या खाली

बाबा नाचाच्या हॉलमध्ये आडवा पडून लाकडी जमिनीला कान लावत होता आणि दारात उभी असलेली ठमी लाजेने अर्धी झाली होती.

तसं बघायला कोणी नव्हतं. कॉलेज घरापासून चालत दहा मिनिटांवर. गेटातून शिरलेला बाबा कोणाला काही न विचारता सरळ या हॉलपाशी आला, उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि बोटाच्या पेराने फळ्यांवर टकटक करत सुटला. सुतार तो. तीस वर्षं लाकडाशी संसार केलेला माणूस.

"तू कधी आलायस का रे इथे?" ठमीने विचारलं.

"आम्हाला कोण बोलावतंय कॉलेजात," बाबा म्हणाला आणि पुढच्या फळीकडे सरकला.

ठमीला दोन कॉलेजांनी घेतलं होतं. दुसरं आगगाडीने दीड दिवसावर. तिथल्या बाईंनी तिचा नाच पाहून स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं होतं. ते तिने इतक्यांदा वाचलं होतं की घडीवर फाटायला आलं होतं. पण आई जाऊन तीन वर्षं झाली होती. ठमी गेली की घरात बाबा एकटा, आणि त्याला चहा सोडून काही करता येत नव्हतं. तोही उतू जायचा. म्हणून तिने मनाशी इथलंच ठरवून टाकलं होतं. बाबाला आणलं होतं ते फक्त जमीन दाखवायला.

बाबा बराच वेळ उठला नाही. उठला तेव्हा डोळे चोळत होता.

"धूळ फार आहे," तो म्हणाला. "आणि जमीन वरून नुसती गुळगुळीत. आत थेट सिमेंट. तुमच्या त्या नव्या नाचात सारखं धाडधाड पडायचं असतं ना? दोन वर्षांत गुडघ्यांचा भुगा होईल."

"परवा निवडीला मी इथेच नाचले. पायांना तर छान वाटली."

"पाय अठरा वर्षांचे आहेत. त्यांना सगळंच छान वाटतं."

"आणि तुझ्या जेवणाचं काय?"

"लाकूड कापतो मी. कांदा कापता येणार नाही?"

ठमी हसली नाही. तीन दिवस ती भांडली, रुसली, एकदा जेवलीही नाही. पण लाकडाच्या बाबतीत बाबाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. गिऱ्हाईक हातचं गेलं तरी चालेल, पण वाळवीला वाळवी म्हणणारा माणूस. चौथ्या दिवशी तिने लांबच्या कॉलेजला होकार कळवला. बाबाने लगेच बाजारात जाऊन तिच्यासाठी लोकरीच्या पायमोज्यांचे दोन जोड आणले, आणि मग संध्याकाळपर्यंत आधीच तासून झालेली एक फळी पुन्हा तासत बसला.

दुसऱ्या दिवशी ठमी इथली जागा सोडायला कॉलेजात गेली. ऑफिसातल्या बाईंनी कागद पुढे सरकवला. त्यात कारणाचा रकाना होता. ठमीने खरं ते लिहिलं: 'हॉलची जमीन चांगली नाही.'

बाईंनी ते मोठ्याने वाचलं आणि शेजारी किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा असलेला म्हातारा शिपाई ताठ झाला.

"जमीन चांगली नाही? कोण म्हणतं?"

"माझे वडील. त्यांना लाकडातलं कळतं."

"कळत असेल. पण बाळ, मी इथे लागलो त्याच वर्षी ती जमीन झाली. सतरा वर्षांत एक फळी कुरकुरलेली नाही. चल, दाखवतो."

ठमी भिडेखातर गेली. शिपाई कोपऱ्यात गुडघ्यांवर बसला. तिथली एक फळी आतल्या वायरी बघण्यासाठी स्क्रूवर बसवली होती. त्याने सावकाश स्क्रू काढले. खाली सिमेंट दिसलं, पण फळ्या त्याच्यापासून वीतभर वर होत्या. आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी, आणि प्रत्येक पट्टीखाली रबराची जाड चकती. ठमीने तळहाताने शेजारची फळी दाबली. ती अलगद खाली गेली आणि वर आली.

"बाबा चुकला," ती स्वतःशीच म्हणाली. तो लाकडाबद्दल चुकू शकतो हे तिला खरंच वाटेना. आता इथेच राहता येईल, असंही मनात येऊन गेलं.

"घे, धर जरा," म्हणून शिपायाने काढलेली फळी तिच्या हातात दिली. तिने ती उलटी केली. मागच्या बाजूला सुताराच्या जाड पेन्सिलीने, रोज घरी पाहत आलेल्या त्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं:

'आज आमची ठमी पहिल्यांदा चालली. चार पावलं टाकली आणि पडली, फार रडली. या जमिनीवर पडली असती तर लागलं नसतं.'