पुढचा उजवा पाय

हिवाळी शर्यतीला वीस मिनिटं असताना जर्मनीतल्या कोलोनजवळच्या गावातली एकुलती एक घोड्यांची डॉक्टर केया शेवटच्या घोड्यापाशी वाकली. घोडा तिच्या बाबांचाच होता. “ठणठणीत आहे गं,” बाबा म्हणाले, “शर्यतीच्या यादीवर सही कर लवकर.” दुखरा पाय गरम लागतो, हे त्यांना तिनेच शिकवलं होतं. तिने हातमोजा काढून मागचे दोन्ही पाय चाचपले. “कोमट.” पुढचा डावाही कोमट. “गेनाऊ, अगदी बरोबर,” बाबा उगाच हसले, “ही त्याची शेवटचीच शर्यत. पुढच्या हिवाळ्यात वयोमर्यादेत बसणार नाही.” भोंगा वाजला. घोडा खूर आपटत होता, बाबा बूट. पुढचा उजवा पाय मात्र बर्फासारखा गार होता. तिने उठून बाबांचा हात धरला. तोही तितकाच गार होता. “कधीपासून बर्फ चोळतोयस?” “पहाटेपासून.” तिने यादीतलं घोड्याचं नाव खोडलं आणि तो हात आपल्या कोटाच्या खिशात ओढून घेतला.