वापरातलं घर

"अरे मेल्या, घरात माणूस नाही आणि पूर्ण घरपट्टी कसली लावता? मुंबईत बसून हे ठरवतो कोण? त्याला म्हणावं, एकदा वेळणेश्वरची ही चढण चढून दाखव!" दादू कडाडला. पंचायतीचा विनीत मान खाली घालून मोबाईल शर्टाला पुसत राहिला.

दोष विनीतचा नव्हता. नवा नियम वरून आला होता. बंद घराला अर्धी पट्टी, वापरातल्या घराला पूर्ण. वाडीतली सहा घरं बंद, माणसं सगळी मुंबईला. पण गेल्या महिन्यात विनीत संध्याकाळी पाहणीला आला, तेव्हा सहाही घरांत देवापुढे दिवा तेवत होता. त्याने सहाही 'वापरात' टाकली.

दिवे दादूने लावले होते. बायको गेल्यापासून रोज तिन्हीसांजेला तो किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघायचा. घर उघडायचा, केर काढायचा, दिवा लावायचा, घरवाल्यांची नावं घेऊन दोन शब्द बोलायचा. घराला माणसाचा वारा लागला पाहिजे, म्हणायचा. खरं सांगायचं तर त्याला एकट्याला घरात बसवत नसे.

दादूचा फोन वाजला. समोरच्या घराचा अनिल, डोंबिवलीहून.

"दादूकाका, रागावू नका हां. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. दिवा नको आता. फुकटचा भुर्दंड कशाला? विनीतला दारांना सील लावू द्या."

"बरं," दादू म्हणाला. त्याने फोन खिशात टाकला.

विनीत एकेक दार करत गेला. सहा कुलपांवर सहा कागद चिकटले. दादू जुडगा हातात धरून त्याच्या मागून नुसता चालत होता.

शेवटी दादूच्या अंगणात येऊन विनीत घुटमळला. हळूच म्हणाला, "काका, एकटेच तर आहात. तुमचंही बंद दाखवतो. अर्धी पट्टी वाचेल. वरून कोण येतंय बघायला?"

"खबरदार!" दादू केवढ्याने ओरडला. "पूर्ण लाव मला. एक पैसा कमी करू नकोस. मी इथे राहतो. कळू दे मुंबईला!"

विनीतने मुकाट्याने मोबाईलवर बोट टेकवलं.

"माणसं किती लिहू?"

"एक."

"एकच?"

"एकच रे. पण नीट लिही."