मोकळे पाय

लेकीच्या पहिल्या पावलांच्या सोहळ्यासाठी बेगिमायनं बिश्केकचा बाजार पालथा घालून मागचं दृश्य भोवऱ्यासारखं गरगरवणारी जुनी लेन्स निवडली होती. ऐन वेळी दिरानंच कॅमेरा बळकावला. "वहिनी, सुनेनं चहा ओतायचा!" रिवाजाप्रमाणे पोरीच्या पायांना काळापांढरा दोरा बांधला; तो कापला की पाय चालायला मोकळे. पोरं शर्यतीनं धावत आली; पहिल्या आलेल्या मुलीनं तो कापला. दिराचे सगळे फोटो धूसर. "लेन्सच भंगार!" "फोकसची कडी हातानं फिरवावी लागते, भावजी. विचारलंत का?" "भांडू नका. दोरा परत बांधा, परत कापा," सासूबाईंनी फर्मावलं. बेगिमायनं किटली आदळली. "आई, मोकळे झालेले पाय पुन्हा बांधायचे? फोटोसाठी?" नवा दोरा घेऊन वाकलेल्या दिराच्या गळ्यातला कॅमेरा तिनं ओढून घेतला, गुडघे टेकले, कडी फिरवली. अंगण, चहा, दीर, सासूबाई, सगळं गरगरत विरलं. तुटका दोरा फरफटत लेक तेवढी लख्ख चालत आली.