पालीचा स्वेटर

"हा माझा नाही हं, मुलाचा. परगावी नोकरीला गेला आणि ही पाल माझ्या गळ्यात मारून गेला," म्हणत काकूंनी हातभर लांब इग्वाना टेबलावर ठेवला. त्याच्या अंगात लोकरीचा स्वेटर होता. प्राण्यांच्या डॉक्टरांनी हसू दाबलं. "काकू, ह्याचं रक्त थंड असतं. ऊब दिव्याची लागते, स्वेटरची नाही." "दिवा आहेच. पण तिथून माझ्या मांडीवर येईपर्यंत गारठतो ना!" डॉक्टरांनी स्वेटर काढून पोट चाचपलं, जबडा उघडून पाहिला. "ठणठणीत आहे." काकूंचा चेहरा पडला. "नीट बघा हो, काहीतरी सापडेलच." "पण त्रास काय होतोय त्याला?" "त्याला कसला त्रास! मुलानं परस्पर कुणाला तरी देऊन टाकलाय, उद्या न्यायला येतायत." काकूंनी स्वेटर पुन्हा चढवला. "फार मोठा नको, पण लवकर बरा न होणारा एखादा आजार सांगा."