लाल मोजे

चर्चमधल्या सिस्टर पर्लला चुकवायचं म्हणून इज्मे मुद्दाम शेवटच्या डब्यात चढली, तर पर्ल नेमकी तिथेच बसलेली. डोक्यावर रविवारची जांभळी टोपी.

"ये गं, बस. आज ना तुझी साक्ष? आम्ही सगळ्याजणींनी सकाळी सहालाच प्रार्थना केली ओमारीसाठी."

अर्ध्या डब्याला ऐकू गेलं. इज्मे तिच्या शेजारी बसली. ओमारी तिचा एकुलता एक. गेल्या फेब्रुवारीत, गाड्या बंद पडल्या त्या बर्फाच्या रात्री, चर्च ॲव्हेन्यूवर कुणीतरी एका दुकानदाराचं डोकं फोडून गल्ला पळवला, आणि पलीकडच्या खिडकीतल्या माणसाने ओमारीचं नाव घेतलं. पोरगा त्या रात्री घरी झोपला होता. तसं त्यानेच आईला सांगितलं होतं, आणि आईशी तो कधी खोटं बोलला नव्हता. पण एकटा झोपलेल्याने साक्षीदार आणायचा कुठून? म्हणून आज इज्मे शपथेवर सांगणार होती, की रात्रभर तीही घरातच होती. नाहीतर पोराची पंधरा वर्षं आत जाणार होती.

पर्लने आवाज खाली आणला. "पण काय गं, तू तर तेव्हा रात्रीची त्या म्हाताऱ्या बाईंकडे झोपायला जायचीस ना?"

"त्या रात्री नव्हते गेले. बर्फ होतं."

"असेल बाई. तू म्हणतेस म्हणजे असेलच."

म्हाताऱ्या मिसेस फेल्डमनकडच्या कामाचा कुठे कागद नव्हता, आणि म्हातारी एप्रिलमध्ये गेली. तिच्या मागे कुणाला काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. आणि आता ही पर्ल. वीस वर्षांत पर्लच्या पोटात एक गोष्ट टिकलेली इज्मेने पाहिली नव्हती.

फ्रँकलिन स्टेशनला पर्ल उठली. चर्चमधल्याच ग्लोरियाला घेऊन ती मागून कोर्टात येणारच होती. उतरता उतरता तिची नजर इज्मेच्या पायांकडे गेली.

"आणि हे लाल मोजे काय? कार्निव्हलला निघालीस का?"

इज्मेने पाय मागे घेतले. दातओठ खात ती पर्लची टोपी जिन्यावर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

ग्रँड आर्मी प्लाझाला लोकरवाली चढली, तेव्हा तिचा जीव जरा भांड्यात पडला. साठीची, गोरी, ढगळ कोटातली, गाडीत कायम विणत बसणारी बाई. सात वर्षं दोघी याच गाडीने कामाला जात होत्या, पण एकमेकींची नावं कधी विचारली नव्हती. या गाडीत चेहऱ्यावर भागतं. तिला ओमारी माहीत नव्हता, कोर्ट माहीत नव्हतं, आणि हेच इज्मेला बरं वाटायचं. कीव करणाऱ्या ओळखीच्यांपेक्षा ही काही न जाणणारी बाई परवडली. मोजे तिनेच विणलेले. गेल्या हिवाळ्यात एकदा गाड्या बंद पडल्या म्हणून रात्रभर म्हातारीपाशी अडकून इज्मे सकाळी तशीच कामावर निघाली होती, बूट भिजून पाय गारठलेले. सगळं ऐकून घेऊन हिने पिशवीतून नवे कोरे मोजे काढले आणि भर गाडीत तिला घालायला लावले. आज इज्मेने ते शकुनाचे म्हणून घातले होते.

"अजून टिकलेत की," लोकरवाली खूश होऊन म्हणाली. "बऱ्याच दिवसांनी दिसलीस."

पंधरा दिवस इज्मेला पहाटेची पाळी होती. तिने विचारलं, आज विणकाम कुठे राहिलं?

"सध्या जिथे जाते ना, तिथे सुया आत नेऊ देत नाहीत. दिवसभर नुसतं बसायचं. घरी येऊन कुणाशी बोलायचीही चोरी. वैताग आलाय."

हॉस्पिटलात कुणीतरी असणार, इज्मेला वाटलं. दुसऱ्याच्या दुखण्यात नाक खुपसायची तिची रीत नव्हती. आपण दातांच्या डॉक्टरकडे निघालोय, असं तिने सांगितलं.

"मग घाबरू नकोस. दुखतंय कुठे, ते खरं सांगून मोकळी हो."

बरो हॉलला गर्दीने इज्मेला बाहेर लोटलं. मागे वळून निरोप घ्यायलाही जमलं नाही.

दोन तास तिला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं, मग आत बोलावलं. चौथऱ्यावरच्या खुर्चीत बसल्यावर तिला आधी ओमारी दिसला, नव्या शर्टात, वाळलेला. मग शेवटच्या रांगेत जांभळी टोपी. इज्मेची नजर तिथून हलेना.

ओमारीच्या वकीलबाईंनी विचारलं आणि तिने घोकलेलं सगळं सांगितलं. रात्रभर घरीच होते. ओमारीला सूप करून दिलं. सकाळी कामाला निघाले घरूनच, तेव्हाही तो झोपलेला होता, त्याच्या अंगावर पांघरूण मीच घातलं.

जांभळी टोपी हलली नाही. पर्लने डोळे मिटून हात जोडले होते. ती तोंड उघडणार नव्हती. इज्मेला रडू फुटायचं बाकी राहिलं. या बाईला आपण उगाच शिव्या घातल्या.

आता शेवटचं तेवढं उरलं होतं. वकीलबाईंनी चारचारदा बजावलं होतं, की उत्तर संपलं की निकाल ठरवणाऱ्या ज्यूरीकडे बघायचं, आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखं बघायचं.

इज्मेने मान वळवली. ज्यूरीच्या दुसऱ्या रांगेत, चौथ्या खुर्चीवर, रिकामे हात मांडीवर ठेवून लोकरवाली बसली होती. ती इज्मेच्या तोंडाकडे बघत नव्हती. तिच्या मोज्यांकडे बघत होती.