वकीलसाहेबांचे न उष्टावलेले ताट

सुज्ञ वाचकहो, पुसद शहरी एका गर्विष्ठ गृहस्थाने रविवारमागून रविवार अन्नाचा जो अपमान चालविला होता, त्याची यथार्थ हकीकत येथे निवेदन करण्यात येत आहे. ती चित्त स्थिर ठेवून वाचावी.

श्रीकृष्णराव वकिलांनी समोर ठेवलेल्या पिझ्झ्याकडे पाहिले व नाक वर केले.

“गोवरी आणि याच्यात फरक एवढाच,” ते म्हणाले, “की गोवरी निदान पेटते.”

“साहेब, चाखून तर पाहा,” आचारी रामलाल म्हणाला.

“न चाखताच समजतं मला.”

त्यांनी पिशवीतून घरची बाटली काढली, दोन घोट पाणी घेतले आणि झाकण घट्ट लावले. हॉटेलचा पेला भरलेला तसाच राहिला.

हे हॉटेल राजदीप राठोड या बंजारा तांड्यावरच्या तरुणाचे. नाव ‘मनोरा इटालियन’. पाटीवर पिसाचा मनोरा होता; परंतु पेंटरने तो सरळ काढला होता, कारण कललेला काढला असता तर गावाने त्यालाच नावे ठेवली असती. आरंभी राजदीपची पत्नी मधूच स्वयंपाक करी. पुढे तिला दिवस गेले, उभ्याने काम होईना, म्हणून नागपूरहून रामलाल यास पाचारण करण्यात आले.

रामलालला आपल्या हाताचा मोठा अभिमान होता. त्याचे अन्न नाकारणारा एकच माणूस त्याला आजवर भेटला होता, तो म्हणजे त्याचा सासरा. तोही रिवाजापोटी. पहिले मूल होताच तोही मांडी घालून जेवला होता, आणि वर ढेकर देऊन गेला होता. मग हा दिग्रसचा म्हातारा कोण लागून गेला?

वकीलसाहेब पुसदचे नव्हतेच. दर रविवारी ते दिग्रसहून एस.टी.ने येत, भटारखान्याच्या खिडकीसमोरचेच टेबल धरीत, भरपूर पदार्थ मागवीत, एकेकाची निंदा करीत, बिल चुकते करीत आणि एकही घास न घेता निघून जात. खिडकीतून ते सारखे आत पाहत. आपल्या हातांची स्वच्छता तपासली जात आहे, हे ओळखून रामलालच्या अंगाचा तिळपापड होई.

खिडकीच्या आत वहिनी, म्हणजे राजदीपची पत्नी, टोमॅटो सोलीत बसलेली असे. वकीलसाहेबांच्या ताटातला कांदा ती स्वतः वेचून काढी.

“कांदा काहून काढता, वहिनी? त्यानं सांगतलं काय?”

“अशी माणसं कांदा खात नाहीत, रामलालभाऊ,” ती मान वर न करता म्हणे.

न उष्टावलेले ताट पुढे तीच आत नेई आणि बसल्या बसल्या संपवी. अन्न वाया जाऊ नये, एवढीच तिची दृष्टी असावी.

एके दिवशी एका गिऱ्हाइकाने रामलालला कोडे उलगडून दिले. “मोठ्या घरचा माणूस आहे तो. तांड्यावरच्याच्या हॉटेलातलं पाणी कसं चालंन त्याले? शिवाशिव पाळत असंन.”

रामलालच्या मस्तकाची शीर उठली. म्हणजे हा मनुष्य तिकीट काढून, चाळीस वळणे झेलून, केवळ जातीचा ताठा मिरवावयास येतो. असे अधम जिणे त्याने पाहिले नव्हते.

“राजदीपभाऊ, या म्हाताऱ्याले हाकलत काहून नाही?”

“राहू द्या न. ते काही जेवाले नाही येत.”

“मंग कायले येते?”

राजदीपने गल्ल्यावरची काच पुसावयास घेतली. ती स्वच्छच होती.

“माह्यं आयकून ठेवा,” रामलाल म्हणाला. “वहिनी बाळंत होऊन वापस येईपर्यंत मी थांबतो. पण तोवर त्यानं माह्या हातचं ताट एक डाव रिकामं नाही केलं, तर मी नागपूरची गाडी धरतो. माह्या हाताची इज्जत आहे.”

यथाकाल वहिनी तांड्यावर बाळंत झाली. मुलगी झाली. हॉटेलात बर्फी वाटण्यात आली. काही काळ वकीलसाहेब फिरकले नाहीत, आणि रामलालला वाटले, पीडा टळली.

परंतु वहिनी लेकरू घेऊन हॉटेलात आली, त्याच रविवारी म्हातारा दारात उभा राहिला. नेहमीचेच टेबल. नेहमीचेच नाक.

रामलालने सर्व कसब पणाला लावून लसानिया केला. थरावर थर, चीज वर सोनेरी झालेले. कांदा त्याने मुळातच घातला नाही. कपड्यांची पिशवी त्याने दाराशी बांधून ठेवली होती.

“घ्या साहेब. करा निंदा.”

वकीलसाहेबांनी ताटाकडे पाहिले. आज त्यांनी बाटली आणली नव्हती. विसरले असावेत. त्यांनी हॉटेलचा पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. मग चमचा घेतला.

पहिला घास. दुसरा. रामलाल श्वास रोखून उभा राहिला. म्हाताऱ्याने कडा खरवडल्या, पावाच्या तुकड्याने ताट पुसून घेतले, तो तुकडाही खाल्ला.

रामलालची छाती फुगली. त्याने विजयी मुद्रेने राजदीपकडे पाहिले. राजदीप मात्र त्याच्याकडे पाहत नव्हता. तो खिडकीकडे पाहत होता.

“कसं झालं, साहेब?”

“भिकार,” वकीलसाहेब म्हणाले. त्यांनी रुमालाने ओठ टिपले, ताट बाजूला सारले आणि दोन्ही हात भटारखान्याच्या खिडकीकडे पसरले.

“मधू, आण इकडे माझ्या नातीला.”

येथवर सोबत केलेल्या वाचकांचा ऋणी,
धावजी परसराम आडे, तालुका पुसद